तुम्ही विचारा, ताई सांगतील : झाहिदा हिना कोण?

या वेळी आलेल्या पत्रांत आणि व्हॉट्सॲप मेसेजांत बरेच प्रश्न एकाच बाईंबद्दल निघाले. आपल्या मराठी वाचकांना त्यांच्याबद्दल विचारावंसं वाटलं याचंच मला फार बरं वाटलं, म्हणून या अंकात दुसरे प्रश्न घेतलेले नाहीत, ते पुढच्या वेळी.

ताई, मी बी.कॉम.ला आहे. जौन एलियांच्या शेरांच्या रील्स खूप बघतो. एकात लिहिलं होतं की बायको सोडून गेली म्हणून ते असे उद्ध्वस्त झाले, आणि ती पण लेखिका होती. ती कोण? (एक विद्यार्थी, विजयनगर)

आधी त्यांचं नाव घेऊ या, झाहिदा हिना, पाकिस्तानातल्या उर्दू लेखिका. जौन एलियांशी लग्न झालं १९७० मधे, दोन मुली आणि एक मुलगा, पुढे दोघं वेगळे झाले. त्यांच्या घरात काय झालं ते तू किंवा मी ठरवायचं कारण नाही. रील्सवाल्यांना शायराचं दुःख दाखवायला कुणीतरी खलनायिका लागते, मग बायकोला उभं करतात, आणि मला याचा मनापासून राग येतो, कारण या बाई लग्नाआधीपासून लिहीत होत्या, लग्नात लिहीत होत्या आणि वेगळं झाल्यावरही लिहीतच राहिल्या.

जन्म ५ ऑक्टोबर १९४६, बिहारमधलं सासाराम, शेरशाह सूरीचा मकबरा आहे ना तेच गाव. वर्षाच्याही झाल्या नव्हत्या तेवढ्यात फाळणी झाली, घरचे पाकिस्तानात गेले, आणि त्या कराचीच्याच झाल्या. पहिली गोष्ट नऊ वर्षांच्या असताना लिहिली. पहिला लेख छापून आला १९६२ मधे 'इन्शा' नावाच्या मासिकात, आणि त्याचे संपादक होते जौन एलिया. म्हणजे बघ, बायको व्हायच्या आठ वर्षं आधी त्या त्यांच्या मासिकाच्या लेखिका होत्या, वय पंधरा-सोळा. मग कराची युनिव्हर्सिटीत शिकल्या, साठच्या दशकाच्या मधल्या वर्षांत पत्रकारितेत आल्या, पुढे रेडिओ पाकिस्तान, बीबीसी उर्दू, व्हॉइस ऑफ अमेरिका सगळीकडे काम केलं. 'कैदी सांस लेता है' आणि 'राह में अजल है' हे कथासंग्रह, 'ना जुनूं रहा ना परी रही' ही कादंबरी, शिवाय लेखांची पुस्तकं. जौन खूप मोठे शायर होते, त्यांचे शेर जरूर ऐक, मलाही आवडतात. पण हिनांची ओळख त्यांच्यापासून सुरू करू नकोस एवढंच.

त्यांना फेमिनिस्ट म्हणतात. पाकिस्तानात फेमिनिस्ट असणं म्हणजे नक्की काय? आपल्यासारखंच का काही वेगळं? (एक शिक्षिका, लोकमान्यनगर)

मॅडम, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, थोडं लांबेल उत्तर, वाचाल ना.

जनरल झिया उल हक १९७७ मधे सत्तेवर आले आणि १९७९ मधे हुदूद ऑर्डिनन्स, म्हणजे धर्माच्या नावावरचे शिक्षांचे वटहुकूम आणले. त्यात लग्नाबाहेरचा संबंध हा राज्याविरुद्धचा गुन्हा झाला, आणि ज्या बाईवर जबरदस्ती झाली तिला ती सिद्ध नाही करता आली तर तिच्या गरोदरपणालाच तिच्याविरुद्धचा पुरावा धरता येत होता. १९८३ ची सफिया बीबीची केस वाचा, जवळपास पूर्ण आंधळी मुलगी, ज्यांच्या घरी काम करत होती त्या मालकानं आणि त्याच्या मुलानं अत्याचार केला, आणि कोर्टानं शिक्षा सुनावली तिला, १५ फटके, तीन वर्षं कैद आणि दंड. ओरड झाली, बाहेरच्या देशांतूनही झाली, तेव्हा वरच्या शरियत कोर्टात ती सुटली. त्याच वर्षी १२ फेब्रुवारीला लाहोरला बायका साक्षीच्या नव्या कायद्याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. तो कायदा १९८४ मधे तरीही आला, आणि पैशाच्या व्यवहाराच्या कागदावर एका पुरुषाच्या जागी दोन बायकांची साक्ष लागेल असं ठरलं. पाकिस्तानातल्या बायका १२ फेब्रुवारी अजून पाळतात.

तर हा तो काळ आणि झाहिदा हिना याच काळातल्या लेखिका. त्यांची 'तितलियां ढूंढने वाली' म्हणून एक कथा आहे, फाशीची शिक्षा झालेली एक बाई, तुरुंगात तिच्याबरोबर तिचा लहान मुलगा, आणि आता त्याला काय सांगायचं, कसं सांगायचं. कथेत घोषणा नाही, भाषण नाही, आई मुलाशी बोलते तेवढंच, आणि वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जड जातं. मला विचाराल तर हीच त्यांची खरी ताकद आहे, कायद्यातलं कलम एका कोठडीत आणून ठेवायचं आणि तिथं एक मूल खेळतंय ते दाखवायचं. 'औरत: ज़िंदगी का ज़िंदान' या पुस्तकात मग त्या लेखातून सरळ बोलतात, धर्म, रूढी, सरकार, कुणाला सोडत नाहीत.

आणि आपल्यासारखंच का म्हणून विचारलंत, तर ताराबाई शिंदे आठवा. 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ मधे आलं ते सुरतेच्या एका विधवेला कोर्टानं फाशी सुनावली होती त्यावरूनच ना? शंभर वर्षांचं अंतर, देश वेगळा, धर्म वेगळा, आणि पिंजऱ्यात पुन्हा बाईच उभी.

आमच्या घरी रविवारी भास्कर आला की आई सगळ्यात आधी 'रसरंग' काढून घ्यायची, त्यात पाकिस्तान डायरी यायची. त्या ह्याच का? आणि पाकिस्तानची बाई आपल्या पेपरात कशी काय लिहीत होती? (एक वाचक, रामबाग)

ह्याच. २००६ पासून दैनिक भास्करच्या रविवारच्या रसरंगमधे त्यांचं 'पाकिस्तान डायरी' यायला लागलं. इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत पेपर हिंदी आणि गप्पा मराठीत असंच असतं, तर तुमच्या आईंसारख्या किती जणींनी ते वाचून जेवणाच्या टेबलावर मराठीतून सांगितलं असेल. पुढे पाकिस्तान डायरी याच नावानं पुस्तकही निघालं हिंदीत.

कॉलम लिहिणं हा त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग आहे, कादंबरीइतकाच मोठा असं मी म्हणेन. १९८८ ते २००५ त्या 'जंग'मधे लिहीत होत्या, तिकडचा फार मोठा उर्दू पेपर, नंतर तिकडच्याच उर्दू 'एक्सप्रेस'मधे. १९८८ म्हणजे ज्या वर्षी झिया विमान अपघातात गेले आणि बेनझीर पंतप्रधान झाल्या ते वर्ष. मग नवाझ, परत बेनझीर, परत नवाझ, १९९९ मधे मुशर्रफ, आणि बाई लिहीतच. कादंबरीकाराला थांबता येतं, कॉलमवालीला नाही, तारीख आली की पान द्यावंच लागतं, आणि जिथं पेपरवर सरकारची नजर असते तिथं हे वर्षानुवर्षं करायचं म्हणजे काय ते पेपरात काम केलेल्यांना विचारा.

२००१ मधे त्यांना सार्क साहित्य पुरस्कार मिळाला, तो भारताच्या राष्ट्रपतींच्या हातून. आणि २००६ मधे पाकिस्तान सरकारनं त्यांना प्राइड ऑफ परफॉर्मन्स जाहीर केलं, राष्ट्राध्यक्षांकडून मिळणारा मोठा मान, राष्ट्राध्यक्ष तेव्हा जनरल मुशर्रफ. बाईंनी नाही म्हणून सांगितलं. लष्करी सरकारचा निषेध म्हणून. त्याच वर्षी तिकडं बायकांच्या संरक्षणाचा कायदा पास झाला आणि बलात्काराचा गुन्हा हुदूदमधून काढून साध्या दंडसंहितेत घेतला गेला, म्हणजे मुशर्रफांच्या राज्यात हे एक चांगलं काम झालं हेही सांगायला हवं. पण ज्यानं वर्दीच्या जोरावर सत्ता घेतली त्याच्याकडून मान घ्यायचा नाही, हा हिशोब वेगळा, आणि मला तो पूर्ण पटतो.

मराठी मासिकात पाकिस्तानी लेखिकेला एवढी जागा कशाला? आपल्याकडे लेखिका कमी आहेत का? (एक नियमित वाचक, सुदामानगर)

कमी नाहीत काका, आणि त्यांच्यावर आपण दर अंकात लिहितोच. तुमचा राग मी समजू शकते, सीमेवर जे होतं ते आपण सगळेच बघतो. पण ज्या बाईनं स्वतःच्या देशातल्या हुकूमशाहीला नाही म्हटलं, दोन्ही देशांत शांतता हवी म्हणून इतकी वर्षं लिहिलं, तिचं लिखाण वाचल्यानं आपलं काही कमी होत नाही. आणि एक सांगते, त्यांच्या कादंबरीचं नाव, 'ना जुनूं रहा ना परी रही', ही ओळ सिराज औरंगाबादींच्या गझलेतली. अठराव्या शतकातला आपल्या मराठवाड्यातला कवी. कराचीच्या लेखिकेनं फाळणीनं तोडलेल्या माणसांवर लिहिताना नाव घेतलं ते औरंगाबादहून.

उर्दू लिपी येत नाही. काय वाचू, कुठून सुरुवात करू? (एक वाचक, खातीवाला टँक)

'तितलियां ढूंढने वाली'पासून करा, एका बैठकीत होते. रेख्ताच्या साइटवर उर्दू कथा देवनागरी लिपीतही असतात, तिथं आधी शोधा. इंदूरच्या हिंदीवर वाढलेल्या माणसाला त्यांची उर्दू फार अवघड जाणार नाही, चार-पाच शब्द अडतील ते तिथंच अर्थासकट मिळतात. पाकिस्तान डायरी हिंदीत आहेच, ती मधूनमधून कुठूनही उघडून वाचली तरी चालते. कादंबरी इंग्रजीत नीलम हुसैन यांनी केलीय, 'ऑल पॅशन स्पेंट' नावानं, ती मात्र सावकाश वाचा, आठवणी मागंपुढं होतात आणि पहिली काही पानं पात्रं कळायलाच जातात, सोडून देऊ नका.

त्यानंतर फहमीदा रियाझ घ्या, जन्म मेरठचा, झियांच्या काळात देश सोडून काही वर्षं भारतात येऊन राहिल्या होत्या. आणि किश्वर नाहीद, जन्म बुलंदशहरचा, त्यांची 'हम गुनहगार औरतें' ही कविता. तिघींची मुळं इकडची. तरुण मुलींना इंग्रजी सोपं जात असेल तर बीना शाह द्या, त्या पण कराचीच्याच, कादंबऱ्याही लिहितात आणि पेपरात कॉलमही, २०१८ मधे त्यांची 'बिफोर शी स्लीप्स' आली, बायकांची संख्या घटलेल्या एका कल्पित शहरातली गोष्ट आहे.

वाचून झालं की कळवा, विशेषतः पहिल्या प्रश्नातल्या विद्यार्थ्यानं.