दिग्रसहून आलेल्या प्रश्नाला, जरा लांबलेलं उत्तर

तू विचारलंस: मेकॅनिकल झालीस, नागपूरजवळच्या बुटीबोरीत कारखान्यात सात वर्षं झाली, दोनदा प्रमोशन हुकलं, मुलगी पाच वर्षांची आहे, जर्मनीत बायकांना इंजिनिअरिंगमध्ये वर जायला मिळतं म्हणतात, तर यावं का ताई, आणि तिथे एकटं पडायला होतं का? दोन ओळींत 'ये' म्हणून मोकळी होणार होते. तीन रात्री झाल्या, लिहिते आणि खोडते.

ब्लू कार्ड म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसाला मिळणारा राहण्या-कामाचा परवाना, पगाराची अट, विमा हे सगळं सरकारी साइटवर आहे. तिथेच वाच, आकडे दरवर्षी बदलतात.

मी आर्णीकडच्या खेड्यातली. २००४ मध्ये अमरावतीच्या शासकीय कॉलेजातून बाहेर पडले. तिथे मुलींना ३० टक्के जागा होत्या, त्यामुळे वर्गात एकटी नव्हते. एकटी पडले ती तुझ्याच बुटीबोरीत. शॉप फ्लोअरवर लेडीज टॉयलेट नव्हतं. मे महिन्याच्या उन्हात ऑफिसच्या इमारतीपर्यंत चालत जायचं, म्हणून मी पाणीच कमी प्यायचे. ते तरी दिसत होतं. न दिसणारी गोष्ट म्हणजे १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ६६: बाईला संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कारखान्यात कामाला लावायचं नाही. मेंटेनन्समध्ये नाइट नाही तर रोटेशन नाही, रोटेशन नाही तर शिफ्ट इन्चार्ज नाही, आणि शिफ्ट इन्चार्ज न होता पुढे गेलेला माणूस मी पाहिला नाही. मशीन बिघडायचं रात्री. सकाळी मी पोचायचे तेव्हा जुनं बेअरिंग ट्रेमध्ये पडलेलं असायचं आणि मुलं चहा पीत असायची. साहेब म्हणायचे, मॅडम, तुमच्याच भल्याचं आहे. माणूस वाईट नव्हता. आता महाराष्ट्रात अटी घालून रात्रपाळी चालते. तरी तुझं प्रमोशन हुकलंच, म्हणजे नुसता कायदाच आडवा नव्हता म्हणायचा.

२०१३ मध्ये मला जर्मनीच्या बायर्न राज्यात, म्हणजे बव्हेरियात, नोकरी लागली. कार्ड माझ्या नावाचं, नवरा आणि सहा वर्षांची पोरगी माझ्या मागे. गावात चर्चा अशी की जावई बायकोच्या पदराला धरून गेला. इथे माझ्या मापाचे सेफ्टी शूज पहिल्याच दिवशी टेबलावर होते. टॉयलेट वीस पावलांवर. पहिली दोन वर्षं मी हवेत होते, खोटं कशाला सांगू.

मग २०१५ मध्ये दुसरा झाला, आणि कागदांचं सुरू झालं. हे नीट वाच, कारण याचा मला अजून राग येतो. बाळाची जन्मनोंद करायला नोंदणी कार्यालयाने आमचे दोघांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला मागितला. आम्ही आपले अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून आपलं सरकार मारतं तो शिक्का, मारून घेऊन गेलो. बाईंनी कागद परत सरकवला. भारताचा अपोस्टिल जर्मनी मानत नाही, दूतावासाकडून पडताळणी करावी लागते. माझा तर जन्मदाखलाच नव्हता. माझी जन्मतारीख १ जुलै आहे. आमच्या वर्गात निम्म्या पोरांची तीच होती, गुरुजींनी लावलेली. उशिरा नोंद करायची तर तेव्हा कोर्टाचा आदेश लागायचा. म्हाताऱ्या बापाने तहसील, कोर्ट, ग्रामपंचायत अशा किती खेपा मारल्या ते त्याने मला सांगितलं नाही. डिग्रीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, लग्नाच्या दाखल्यावर ग्रामसेवकाच्या अक्षरातलं तिसरंच काहीतरी. शेवटी पडताळणीवाला माणूस गावात जाऊन विचारपूस करून आला आणि आईचा फोन: "काहून वं, तुह्या नवऱ्यानं काई केलं का तिकडं?"

म्हणून सांगते, आज ना उद्या येणार असशील तर दाखला आधी काढ आणि सगळीकडे नाव एक करून घे. मुलीचंही.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. बाळाच्या पहिल्या वर्षी मी घरी राहिले. पालक रजा तीन वर्षांपर्यंत घेता येते, नोकरी सुटत नाही, हे खरंच मोठं आहे. सरकार पैसेही देतं, पण ते हातात येणाऱ्या पगारावर ठरतात. तोवर नवऱ्याला माझ्यापेक्षा जास्त पगाराची नोकरी लागली होती आणि कुणीतरी सुचवलं म्हणून आम्ही कराचा वर्ग बदलला होता: त्याला तीन, मला पाच. घरात एकूण पैसा जास्त येतो म्हणतात. येतो. पण पाचवाल्याच्या पगारातून इतका कर कापला जातो की हातात येतं ते बघून वाटावं, एवढ्यासाठी कशाला रोज उठायचं. आणि रजेचे पैसे त्याच कापलेल्या पगारावर मोजले. वर्ग बदलायचा तर प्रसूतीच्या रजेच्या सात महिने आधी बदलावा लागतो, म्हणजे पाळी चुकली त्याच आठवड्यात हिशेब करायला बसायचं! इथे तीन-पाचमधला पाच बहुतेक बाईच असते. कुणी जबरदस्ती करत नाही. फॉर्म भरताना नवरा-बायको शेजारी बसतात आणि गणित तसंच निघतं.

२०१६ मध्ये मी कामावर परतले ती साठ टक्क्यांवर. पाळणाघरात जागेचा हक्क २०१३ पासून कायद्याने आहे, आमच्या गावात जागा मात्र दुपारी दोनपर्यंतचीच मिळाली. टाइलत्साइट म्हणतात, अर्धवेळ काम. घेताना सही केली, आणि पूर्ण वेळ परत मागितला तेव्हा कळलं की तो द्यायला कंपनी बांधलेली नव्हती. ठरावीक मुदतीचं अर्धवेळ, म्हणजे मुदत संपली की आपोआप पूर्ण वेळ, हा कायदा १ जानेवारी २०१९ ला आला, तोही ४५ पेक्षा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना. मला तीन वर्षं उशिरा. तू घेशील तर हेच मुदतीचं अर्धवेळ, ब्र्यूकनटाइलत्साइट, घे, संपायची तारीख कागदावर लिहून घे, आणि कुणी गोड बोलून 'बघू नंतर' म्हणालं तर तिथेच थांब.

कारण वर जायची वाट इथेही एकच आहे. आमच्याकडे मशिनरी बनते, आणि ती गिऱ्हाइकाच्या कारखान्यात जाऊन चालू करून द्यावी लागते. दहा दिवस, कधी महिना. जो जातो तो शिकतो, गिऱ्हाइकाला त्याचं नाव माहीत होतं, दोन वर्षांत तो टीम लीड होतो. अर्धवेळ बाईचं नाव त्या यादीत लिहीत नाहीत. मी विचारलं तेव्हा साहेब मनापासून म्हणाले, मुलं लहान आहेत, तुम्हाला कशाला त्रास द्यायचा असं वाटलं. मला एकदम बुटीबोरी आठवली.

कंपनीत दोनशेपेक्षा जास्त माणसं असली तर, आपल्याच कामाच्या पुरुषांना पगार काय आहे ते विचारायचा हक्क २०१७ च्या कायद्याने आहे. निदान सहा पुरुष त्या कामावर हवेत. आमच्याकडे आहेत. मी अर्ज भरून ठेवलाय. ड्रॉवरमध्येच आहे.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. सवय होते. पुढे.

मुलीच्या शाळेचं मात्र नीट ऐक. बायर्नमध्ये चौथीतच पोरांची वाटणी होते, दहाव्या वर्षी. मे महिन्याच्या सुरुवातीला गुणपत्रक येतं. १ सगळ्यात चांगला, ६ सगळ्यात वाईट. तीन विषयांची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझिउम, पुढे विद्यापीठाचा सरळ रस्ता, २.६६ पर्यंत रेआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची शाळा. माझ्या पोरीला गणितात २, जर्मनमध्ये ३ आणि तिसऱ्या विषयात ३. म्हणजे २.६६. एका विषयातला एक आकडा. त्या तिसऱ्या विषयाच्या नावात 'हाइमाट' आहे, आपली माती, आपला मुलूख. त्यात तिला इथली झाडं, इथले पक्षी ओळखायला सांगितले होते. पळस विचारला असता तर तिने फुलासकट काढून दाखवला असता.

तरीही एक मार्ग होता. गुण कमी पडलेल्या मुलांना गिम्नाझिउममध्ये तीन दिवस बसवून बघतात, त्यात टिकली तर प्रवेश. नाव द्यायची मुदत थोडीच. आणि त्याच आठवड्यात, चार महिने मागे लागून मिळवलेलं, मला पोलंडला मशीन चालू करायला जायचं होतं. २०१७ चा मे. मी गेले. नवरा म्हणाला, फोनवर बोलू. फोनवर पोरगी म्हणाली, नको आई, मला मैत्रिणींबरोबर जायचंय. नवऱ्याने ऐकलं, मीही ऐकलं, कारण मला त्या रात्री दोन वाजेपर्यंत पंपाचं अलाइनमेंट बघायचं होतं, आणि खरं सांगू का, इतकी सुखात मी कधीच नव्हते. नाइट शिफ्ट! आयुष्यातली पहिली.

परतल्यावर, मशीन चालू करायला जाणाऱ्यांच्या यादीसाठी मी पुन्हा नाव दिलं नाही. कुणी अडवलं नव्हतं.

पोरगी दहावीनंतर मेकाट्रॉनिक्सच्या, म्हणजे मशीन आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन्हीच्या, ट्रेनिंगला लागली, साडेतीन वर्षांचं असतं, पगारासकट. हात काळे करून घरी येते, तिच्या बॅचमध्ये दोनच मुली, त्यातली ही एक. मजेत आहे. मला विचारते, तुला नेमकं कशाचं वाईट वाटतं? आईला फोनवर मी अजूनही सांगते की नात इंजिनिअरिंगच शिकून राह्यली. पोरगी ऐकत असते तेव्हा मराठी कळत नसल्यासारखं करते.

तर येणार असशील तर पोरगी पहिलीला बसायच्या आत ये, म्हणजे चौथीपर्यंत भाषेला चार वर्षं तरी मिळतात. दोन-तीन वर्षांनी येणार असशील तर बायर्न नको बघू. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते. नोकरी तिकडे शोध, पगार थोडा कमी मिळाला तरी. जन्मदाखल्याचं मात्र याच महिन्यात बघ.