उलटणारा पाच इंची क्वाड, तापणाऱ्या मोटर्स आणि फुगलेली बॅटरी: आधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिम्युलेटरवर हात बसल्यावर पाच इंची (म्हणजे पाच इंचांचे प्रॉप, फिरणारे पंखे), ६एस (सहा सेल एकामागोमाग जोडलेल्या बॅटरीचा) एफपीव्ही क्वाड, म्हणजे गॉगलमध्ये त्याच्या कॅमेऱ्याचं चित्र पाहत उडवायचा चार मोटर्सचा ड्रोन, स्वतः जोडला. आर्म करून (मोटर्सना सुरू व्हायची मुभा देऊन) थ्रॉटल (मोटर्सचा जोर) दिला की तो जागीच उलटत होता. दोन मोटर्सची दिशा बदलल्यावर उडाला, पण थरथरतो, दोन मिनिटांत मोटर्सना बोट लावता येत नाही, आणि दोनपैकी एक बॅटरी फुगली आहे. आता पीआयडीचे (क्वाड स्थिर ठेवणाऱ्या नियंत्रणाचे) कोणते आकडे टाकायचे, आणि जीपीएस घ्यावा का?

आकडे सध्या कोणतेच टाकू नका. बीटाफ्लाइटच्या (क्वाड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) डीफॉल्ट ट्यूनवर, म्हणजे आधीच दिलेल्या आकड्यांवर, साधा पाच इंची क्वाड व्यवस्थित उडतो. तो उडत नसेल तर दोष जोडणीत किंवा यंत्रात आहे. पीआयडी बदलून तो फक्त झाकला जातो, दूर होत नाही, आणि नंतर शोधायला दुप्पट वेळ लागतो.

सुरुवात फुगलेल्या बॅटरीपासून करा, कारण बाकीचं सगळं नंतर केलं तरी चालतं. ती परत चार्ज करायची नाही. "थोडीशीच फुगली आहे" हा अपवाद नसतो. आत इलेक्ट्रोलाइट विघटित होऊन वायू झालेला असतो आणि तो परत जिरत नाही. उघड्यावर, जळण्यासारखं काही जवळ नसताना, वाहनाच्या दिव्याचे बल्ब जोडून ती सावकाश पूर्ण उतरवा आणि बॅटरी संकलनात द्या. ६एसला १२ व्होल्टचा एकच बल्ब लावू नका, तो उडेल; सारखे दोन बल्ब एकामागोमाग जोडा. मिठाच्या पाण्यात बुडवण्याच्या सल्ल्यावर विसंबू नका: टोकं गंजून जोड तुटतो आणि सेलमध्ये चार्ज तसाच राहू शकतो.

ती फुगली का, हे पाहिलं नाही तर दुसरीही त्याच वाटेने जाईल. लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीचा सेल पूर्ण भरला की ४.२० व्होल्ट, म्हणजे ६एस पॅक २५.२ व्होल्ट. ३.० च्या खाली गेला की कायमचं नुकसान सुरू होतं. नवीन माणूस बहुतेक वेळा इथेच फसतो, कारण ओएसडीवर (गॉगलमधल्या चित्रावर उमटणाऱ्या माहितीत) दिसणारा आकडा भाराखालचा असतो. जोरात थ्रॉटल दिला की व्होल्टेज दबतं, सोडला की वर येतं. ओएसडीवर एकूण व्होल्टेजऐवजी प्रति सेल सरासरी ठेवा. साधं उडताना ती ३.५ ला टेकली की परत फिरा. उतरून मिनिटभर थांबल्यावर ती ३.६५ ते ३.७ च्या आसपास दिसली पाहिजे. ३.५ च्या खाली दिसत असेल तर तुम्ही रोज उशिरा उतरताय.

याहून भरवशाचं म्हणजे वापरलेले मिलीअँपिअर-तास. १३०० च्या पॅकमधून १०४० म्हणजे ८० टक्के, तिथे उतरायचं. पण करंट सेन्सर आधी कॅलिब्रेट केलेला हवा. एक पॅक उडवा, उतरल्यावर ओएसडीचा आकडा लिहून ठेवा, चार्जरने किती परत भरले ते पाहा. जुना स्केल (करंट सेन्सरच्या सेटिंगमधला आकडा) गुणिले ओएसडीचा आकडा भागिले चार्जरचा आकडा, हा नवा स्केल. दोन-तीन पॅक असे केले की आकडे जुळायला लागतात. अर्थात पॅक जितका भरलेला घेऊन निघालात तितकाच परत भरायला हवा, नाहीतर हिशेब चुकतो.

चार्जिंग १सी वर (पॅकच्या क्षमतेइतक्या करंटवर), म्हणजे १३०० ला १.३ अँपिअर. बॅलन्स लीड (प्रत्येक सेल वेगळा जोडणारी बारीक तारांची जोडणी) नेहमी लावलेली, सेलची संख्या स्वतः वाचून खात्री केलेली, आणि माणूस खोलीत हजर. उडून आलेला गरम पॅक थंड होऊ द्या, मगच लावा. एक-दोन दिवसांत उडणार नसाल तर प्रति सेल ३.८० ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवा. भरलेला पॅक आठवडाभर पडून राहणं हेही फुगण्याचं नेहमीचं कारण आहे. दुसऱ्या पॅकच्या प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध चार्जरवर पाहा. एकाचा बाकीच्यांच्या दुप्पट असेल तर तोही पॅक आता बाजूला ठेवायच्या लायकीचा.

आता उलटण्याकडे. दोन दिशा बदलून क्वाड वर गेला, एवढ्यावरून बाकी सगळं बरोबर आहे असं धरू नका. चारही प्रॉप काढा. प्रॉप लावून टेबलावर बॅटरी जोडायची नाही, "फक्त एकदाच" सुद्धा नाही. बोटं यातच जातात.

पहिल्यांदा नुसती यूएसबी लावा आणि कॉन्फिग्युरेटरमध्ये (बीटाफ्लाइटच्या सेटिंग्जच्या ॲपमध्ये) सेटअप टॅब उघडा. क्वाडचं नाक खाली केलं की पडद्यावरच्या मॉडेलचंही नाक खाली गेलं पाहिजे, उजवीकडे कलवलं की उजवीकडे. फ्लाइट कंट्रोलर (क्वाडचा मेंदू असलेला बोर्ड) ९० किंवा १८० अंश फिरवून बसवला असेल आणि बोर्ड अलाइनमेंटमध्ये ते सांगितलं नसेल, तर तो कल सावरायला नेमकी चुकीची मोटर पळवतो. जागीच कोलांटी मारण्याचं हे एक ठरलेलं कारण आहे, आणि मोटर्स कितीही उलटसुलट केल्या तरी ते जात नाही.

मग बॅटरी जोडून मोटर्स टॅब. डीफॉल्ट क्रम: १ मागची उजवी, २ पुढची उजवी, ३ मागची डावी, ४ पुढची डावी. स्लायडर एकेक करून किंचित वर घ्या आणि तीच मोटर फिरते का पाहा. दिशा: १ आणि ४ घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, २ आणि ३ उलट. सगळ्या विरुद्ध फिरवायच्या असतील तरी चालतं, पण मग कॉन्फिग्युरेटरमध्ये मोटरची दिशा उलट असल्याचं सांगावं लागतं. ते राहिलं तर क्वाड उचलला जाताच भिंगरीसारखा फिरायला लागतो. क्रम चुकला असेल तर तारा परत सोल्डर करत बसू नका. मोटर्स टॅबमध्ये क्रम नव्याने नेमता येतो.

प्रॉपची पुढची, वर उचललेली कड फिरण्याच्या दिशेने हवी आणि छापलेली अक्षरं आकाशाकडे. अक्षरं खाली गेली तर प्रॉप फिरतो, आवाजही करतो, पण जोर अगदीच कमी. एक कोपरा उठत नाही तेव्हा आधी हेच पाहा.

रिसीव्हर टॅबमध्ये स्टिक मधोमध असताना १५००, टोकांना साधारण १००० आणि २०००. रोलची (डावी-उजवीकडे कलवायची) स्टिक हलवल्यावर थ्रॉटलची पट्टी सरकत असेल तर चॅनल मॅप (कोणता चॅनल कशासाठी, तो क्रम) चुकलाय.

एक गोष्ट बऱ्याच जणांना उगीच घाबरवते: प्रॉप काढून आर्म केलं आणि थोडा थ्रॉटल दिला की मोटर्स आपोआप वेग घेतात, स्टिक खाली आणली तरी लगेच शांत होत नाहीत. कंट्रोलर सावरायचा प्रयत्न करतो, क्वाड हलत नाही, म्हणून तो जोर वाढवत जातो. हा दोष नव्हे.

तापणाऱ्या मोटर्सबाबत पहिला प्रश्न: चारही तापतात की एखादीच? तुम्ही ते लिहिलेलं नाही, आणि उत्तर त्यावरच फिरतं. एखादीच तापत असेल तर तिच्यापाशी शोधा. प्रॉप काढून हाताने फिरवा. खरखर म्हणजे बेअरिंग गेलं, एका जागी घासलं तर बेल (मोटरचं फिरणारं बाहेरचं कवच) वाकली. आणि स्क्रू. मोटर बसते तो फ्रेमचा आर्म (हात) ५ मिमी जाड असेल तर ८ मिमीचा स्क्रू पुरतो. त्याहून लांब लावला की टोक वाइंडिंगला टेकतं, तारेवरचं इनॅमल खरवडतं आणि मोटर तापत तापत एक दिवस ईएससीलाही (मोटरला वीज पुरवणाऱ्या सर्किटलाही) सोबत घेऊन जाते. बॅटरी काढून, मोटरच्या तारा ईएससीपासून सोडवून, मल्टिमीटर कन्टिन्यूइटीवर ठेवा: मोटरची कुठलीही तार आणि स्क्रू यांच्यात बीप आला तर ती मोटर वापरू नका.

चारही तापत असतील तर आधी केव्ही (एका व्होल्टला मिनिटाला किती फेऱ्या) वाचा. पाच इंचीला ६एसवर साधारण १७०० ते १९५० केव्ही, ४एसवर २३०० ते २७५०. ४एसची २४०० केव्ही मोटर २५.२ व्होल्टवर मिनिटाला ६० हजारांहून जास्त फेऱ्या मागते, १८०० वाली ४५ हजारांच्या आसपास. चुकून ४एसच्या मोटर्स आल्या असतील तर मोटर आउटपुट लिमिट ६६ टक्के करून काम निभतं, पण ४एस पॅक घेणं जास्त सरळ.

केव्ही बरोबर असेल तर संशय कंपनांवर, आणि तुमची थरथर त्याच्याशी जुळते. कंपन जायरोपर्यंत (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत) जातं, डी-टर्म (पीआयडीतला डी) त्याला उत्तर म्हणून मोटर्सना सेकंदाला शेकडो वेळा ढकलतो-ओढतो, आणि ती वीज उड्डाणात न जाता उष्णतेत जाते. बॅटरीवरचा भारही याने वाढतो. म्हणून या क्रमाने बघा: नवे प्रॉप लावा, कडेला नुसता ओरखडा असला तरी जुने बदला. आर्मचे स्क्रू घट्ट आहेत का, आर्मला चीर आहे का. फ्लाइट कंट्रोलरखालचे रबरी ग्रॉमेट (कंपन शोषणारे छल्ले) दाबून चपटे करेपर्यंत नट आवळलेत का. तसं असेल तर ते असून नसल्यासारखे. एखादी तार ताणून जायरोच्या बोर्डला टेकते का. ईएससीच्या बॅटरी पॅडवर ३५ व्होल्ट, १००० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर आहे का, त्याचे पाय आखूड आहेत का. शेवटी बायडायरेक्शनल डीशॉट (ईएससीकडून मोटरचा वेग परत कळवणारी सेटिंग) चालू आणि मोटर पोल (चुंबकांची संख्या) १४. नेहमीच्या २२०७ आकाराच्या मोटरच्या बेलमधले चुंबक मोजा, चौदाच भरतील. हा आकडा चुकला की आरपीएम फिल्टर (मोटरच्या वेगावरून तिचं कंपन गाळणारा) भलत्याच वारंवारतेवर काम करत बसतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला, तीस सेकंद हवेत ठेवा, उतरवा, मोटर्सना बोट लावा. पाच सेकंद बोट टिकलं तर पुढे चला.

जीपीएस नंतर. त्याआधी फेलसेफ (सिग्नल तुटला की क्वाड काय करतो ते) तपासा. प्रॉप काढलेले, आर्म करून थ्रॉटल थोडा वर, आणि रेडिओ (हातातला रिमोट) सरळ बंद. दोनएक सेकंदांत मोटर्स थांबल्या पाहिजेत. थांबल्या नाहीत तर ते दुरुस्त होईपर्यंत मैदानाकडे फिरकू नका. जीपीएस रेस्क्यू (सिग्नल गेल्यावर क्वाड आपोआप परत आणणारी सोय) बसवलात तरी आर्म करताना पुरेसे उपग्रह हवेत, डीफॉल्ट किमान ८, आणि हॉव्हर थ्रॉटलचा (जागी तरंगायला लागणाऱ्या थ्रॉटलचा) आकडा तुमच्या क्वाडचा हवा. थरथरणाऱ्या क्वाडवर रेस्क्यू म्हणजे त्याला थोडं लांब जाऊन पाडणं.

व्हीटीएक्स (व्हिडिओ पाठवणारा ट्रान्समीटर) अँटेनाशिवाय चालू करू नका आणि टेबलावर तपासणी लांबली तर पंखा लावा. वारा मिळाला नाही की तो मोटर्सच्या आधी तापतो. अँटेना बदलताना गॉगलवरचीही त्याच ध्रुवणाची (पोलरायझेशनची) आहे ना, तेवढं बघा.

मैदानात उतराल तेव्हा खाली गवत, आसपास माणसं नाहीत आणि शेजारी नजर ठेवणारं कुणीतरी. बॅटरीसह पाच इंची क्वाड ६००-७०० ग्रॅमचा होतो, म्हणजे बऱ्याच देशांतल्या २५० ग्रॅमच्या मर्यादेच्या बराच वर. तुमच्याकडची नोंदणी त्याप्रमाणे करा. तीन ते पाच मीटरवर रुंद वळणं घ्या, रोल आणि यॉ (जागच्या जागी वळणं) एकत्र देऊन. सरळ खाली उतरू नका, स्वतःच्याच ढवळलेल्या हवेत शिरून तो डगमगतो आणि ट्यून बिघडलाय असं वाटतं. किंचित पुढे सरकत उतरवा. आपटला की पहिलं काम डिसआर्म. प्रॉप गवतात अडकलेला असताना टर्टल मोडमध्ये (उलटा पडलेला क्वाड मोटर्सनेच पलटवायच्या सोयीत) जोर लावत राहिलात तर मोटर जागच्या जागी जळते. दोनदा ढकलून पलटला नाही तर चालत जा आणि हाताने सरळ करा.