घरात एखादं माणूस ‘फार आत्मिक’ होतं तेव्हा

जळगाव-भुसावळ पट्ट्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून (म्हणजे चर्चमधून) माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बायकांची एक ठरलेली तक्रार आहे. पण ती तक्रार म्हणून येतच नाही, बाई स्वतःवरच आरोप घेऊन येते. नवरा (कधी सासू, कधी मोठा दीर) प्रभूत फार वाढलाय. पहाटे चारला उठतो, उपास धरतो, बायबलचं वचन तोंडपाठ आहे, आणि त्याच्यापुढे मला माझीच लाज वाटते. प्रार्थनेला बसलं की माझ्या चुकाच डोळ्यांपुढे येतात. मॅडम, माझा विश्वास कमी पडतोय का?

अशाच एका घराची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, नावं तर घेतच नाही.

कुटुंब भुसावळचं, रेल्वेतलं. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे अमळनेर तालुक्यातले, घरात अजून अहिराणीच बोलतात. मुलगाही रेल्वेतच, चाळिशीला टेकलेला. सून खाजगी शाळेत शिकवते. मुलगा काही वर्षांपूर्वी एका मेळाव्यातून बदलून आला. त्याआधी दारू होती. ती सुटली, खरोखर सुटली. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की त्याचा बदल मुळातच खोटा होता. तसं नव्हतं. पगार घरात येऊ लागला, मुलांची फी वेळेवर जाऊ लागली. बायकोने त्याबद्दल देवाचे आभार मानले, आजही मानते. आणि त्यामुळेच तिला तोंड उघडायची चोरी झाली. ज्याने दारू सोडली त्याच्याबद्दल बोलायचं तरी काय, आणि कुणापाशी?

पहिल्या भेटीत ती बराच वेळ स्वतःबद्दलच बोलत राहिली. मग मी एक अमुक दिवस सांगायला लावला. गोल गोल बोलणं थांबवायचं असेल तर मी असंच करते. तिने एक शुक्रवार सांगितला.

शुक्रवारची उपास-प्रार्थना त्यांच्याच घरी असते. पुढच्या खोलीत सतरंजी, दाटीवाटीने बसलेली माणसं. सासऱ्यांचे हात थरथरतात. सुनेला त्रास नको म्हणून त्यांनी आत स्वतःच चहा गाळला आणि कप घेऊन भिंतीच्या कडेने बाहेरच्या ओट्याकडे निघाले. कप कलंडला. चहा त्यांच्या पायावर सांडला, तिथून सतरंजीखाली आणि सतरंजीखालून नवऱ्यासमोरच्या बायबलपर्यंत गेला. नवऱ्याने बायबल उचललं, रुमालाने पुसलं आणि डोळे न उघडणाऱ्या मंडळीला उद्देशून म्हणाला, “सैतान अडथळे आणणारच, आपण थांबायचं नाही.” प्रार्थना पुढे चालू. सून पोछा घेऊन आली. म्हातारबाबा ओल्या धोतराने दारातच उभे होते. तिच्याकडे पाहून हळूच म्हणाले, “पोऱ्या देवना व्हयी गया, आमना नही राहिना.” पाय भाजलाय, फोड आलाय, हे तिला रात्री कळलं. नवऱ्याला कळलंच नाही.

मी तिला विचारलं, “ते ‘माझं चुकलं’ असं शेवटचं कधी म्हणाले?”

“दर रविवारी म्हणतात. रडतातसुद्धा. ‘मी महापापी’ म्हणून सगळ्यांसमोर गुडघे टेकतात.”

“आणि घरात?”

ती गप्प बसली.

माझ्या मते गाडी नेमकी इथेच अडते. ‘मी महापापी आहे’ असं म्हणायला फारसं काही लागत नाही. त्या पापाला नाव नसतं, वार नसतो, समोर दुखावलेलं माणूस नसतं, उलट ऐकणाऱ्यांच्या नजरेत माणूस थोडा वरच चढतो. ‘परवा तुमच्या पायावर चहा सांडला आणि मी बायबल पुसत बसलो, बाबा’ हे म्हणताना जीभ जड होते. देवापुढे वाकायला मोठमोठी माणसंही तयार असतात, तो दिसत नाही आणि उलटून बोलत नाही. माणूस किती वाकलाय हे कळतं ते घरातल्या, आपल्याहून कमी ठरवून टाकलेल्या माणसापुढे. योहानाने आपल्या पहिल्या पत्रात हाच हिशेब मांडलाय: डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर प्रीती नाही, तर न दिसणाऱ्या देवावर कुठून असणार?

लूकच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायात येशूचा एक दाखला आहे: दोघं मंदिरात प्रार्थनेला येतात, एक परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा) आणि एक लोकांनी पापी ठरवलेला जकातदार. त्यातला परूशी आपण उगाच ढोंगी म्हणून रंगवतो. तो एकही खोटं बोललेला नाही. मोशेच्या नियमशास्त्राने वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी उपास सांगितला होता, हा आठवड्यातून दोनदा करायचा. दशांश, म्हणजे दहावा हिस्सा, सगळ्याचा द्यायचा. प्रार्थनेची सुरुवातसुद्धा आभारानेच केली. फक्त आभार मानता मानता त्याची नजर बाजूच्या जकातदारावर गेली. दाखला कुणासाठी सांगितला हे लूकने आधीच लिहून ठेवलंय: स्वतःला नीतिमान समजून इतरांना तुच्छ मानणाऱ्यांसाठी. पावित्र्य वाढतंय आणि आजूबाजूची माणसं लहान दिसू लागलीत, असं एकाच वेळी होत असेल तर वाढतंय ते दुसरंच काहीतरी असतं.

आता तिचा प्रश्न. प्रार्थनेत स्वतःच्या चुका दिसणं म्हणजे मागे पडणं का? बायबलमधली माणसं उलटं सांगतात. यशया संदेष्ट्याने मंदिरात देवाचं वैभव पाहिलं आणि तो म्हणाला, मी अशुद्ध ओठांचा माणूस. जाळी फाटेपर्यंत मासे लागले तेव्हा येशूचा शिष्य पेत्र आनंदाने नाचला नाही, प्रभू, मी पापी आहे, माझ्यापासून दूर जा, असं म्हणाला. प्रेषित पौलाचं तर पाहण्यासारखं आहे. करिंथकरांना लिहिताना तो स्वतःला प्रेषितांमध्ये कनिष्ठ म्हणतो. इफिसकरांच्या पत्रात सगळ्या पवित्र जनांमधल्या लहानाहून लहान. आणि तीमथ्याला लिहिताना पाप्यांमध्ये मुख्य. मंडळीच्या परंपरेने पत्रांचा क्रमही हाच मानलाय. उजेड वाढला की कोपऱ्यातलं जाळं दिसतं, घर त्याआधीही तसंच होतं.

पण तिच्या बाबतीत मी एवढ्यावर थांबले नाही. धाकट्याला ताप आला तेव्हा “माझ्याच पापामुळे” असं तिच्या मनाने घेतलं होतं. एकच चूक ती पुन्हा पुन्हा कबूल करायची, तरी मन हलकं होत नव्हतं. जकातदार ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ म्हणाला आणि घरी गेला. तो छाती बडवत मंदिरात मुक्कामाला राहिला नाही. दया मागून झाल्यावरही जे उरतं आणि रात्रीची झोप खातं, ते भय असतं, कधीकधी आजारही असतो. तिची झोप आणि भूक कशी आहे हे मी नीट विचारून घेतलं. ज्यांना असा त्रास आठवडेच्या आठवडे होतोय त्यांनी डॉक्टरांना भेटावं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. नवऱ्याबद्दलही हीच चौकशी केली: झोप दोन-तीन तासांवर आलीय का, पैसा उधळतायत का, देवाने मला एकट्यालाच निवडलंय असं म्हणतायत का? तसं असतं तर मी त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे धाडलं असतं. तसं काही नव्हतं. हात उगारतात का, हेही विचारलं. उगारत नव्हते. उगारत असते तर नम्रतेचं एकही वचन मी त्या बाईला सांगितलं नसतं, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर दिला असता आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा समजावला असता.

नवरा दुसऱ्या भेटीला आला. बसायच्या आधीच बायबल उघडलं. बायको जगिक आहे, वडील जुन्या वळणाचे आहेत, पास्टर थंड आहेत, मंडळीत अग्नी नाही. मी सगळं ऐकून घेतलं. मग म्हटलं, योहानचा तेरावा अध्याय सांगा. त्याने न अडखळता सांगितला: प्रभू भोजनावरून उठला, वस्त्रं काढून ठेवली, रुमाल कमरेला बांधला, गंगाळात पाणी ओतलं आणि शिष्यांचे पाय धुतले. उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री मंडळीत पाय धुण्याचा विधी झाला तेव्हा आपणही भावांचे पाय धुतल्याचं त्याने अगत्याने सांगितलं.

“वडिलांचा भाजलेला पाय पाहिलात?”

“कधी भाजला?”

मी शुक्रवार सांगितला. तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, “त्यांनी सांगायला पाहिजे होतं.” थोड्या वेळाने पुन्हा, जरा हळू आवाजात, “सांगायला पाहिजे होतं त्यांनी.”

निघताना त्याने एक रास्त शंका काढली. मग काय, उपास, अभ्यास, वचन सगळं सोडून द्यायचं? नम्र म्हणजे अडाणी? मी त्याला पंडिता रमाबाईंची आठवण दिली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या होत्या. त्याच बाईने केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची शेवटची वर्षं कशात घातली, तर साध्या बायकांना वाचता येईल अशा मराठीत बायबल उतरवण्यात. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२२ मध्ये, काम हातावेगळं करून, गेल्या. विद्या कुठे सोडली त्यांनी? ती कुणाच्या कामी आली ते बघा, म्हटलं.

पुढच्या भेटीत बायको हसावं की रडावं अशा अवस्थेत आली. नवऱ्याने नम्र व्हायचं मनावर घेतलं होतं. रोज रात्री भांडी घासायचा. पहिल्या दिवशी फोटो काढून स्टेटसला टाकला, खाली ‘सेवक’. रविवारी मंडळीसमोर साक्ष दिली, म्हणजे देवाने आपल्यात काय केलं ते सांगितलं: प्रभूने मला भांडी घासायला शिकवलं. मंडळीत दोन बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे बघितलं. घरी सासरेबुवा सुनावून गेले. अमळनेरला साने गुरुजी प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे, हे त्यांनी आपल्या वडिलांकडून ऐकलेलं. म्हणाले, गुरुजींनी फोटो काढला नव्हता, आणि ते ख्रिस्तीही नव्हते. नवरा रुसून उपाशी झोपला.

मी हसले, पण हा टप्पा मला वाईट वाटत नाही. दाखवायला का होईना, भांडी घासली गेली. चूक एवढीच की आपण किती वाकलो हे तो स्वतःच मोजत होता. उपास करताना डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, कुणाला कळू देऊ नका, हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं सांगणं भांड्यांनाही लागू आहे. त्याला मी एकच काम दिलं. महिनाभर या विषयावर साक्ष द्यायची नाही, स्टेटस ठेवायचं नाही. आणि घरात कुणी ‘हे चुकलं’ म्हटलं तर त्या दिवशी उत्तर द्यायचं नाही. खुलासा नाही, वचन नाही. दुसऱ्या दिवशी काय बोलायचं ते बोला.

बायकोलाही काम होतं, आणि ते जास्त अवघड निघालं. ‘हे चुकलं’ असं म्हणणार कोण? तिला वाटायचं की गप्प बसणं हीच नम्रता, आईने हेच शिकवलं होतं. मी म्हटलं, बायबलमधल्या गणनाच्या बाराव्या अध्यायात मोशेला पृथ्वीवरचा सगळ्यात नम्र माणूस म्हटलंय, आणि तोच मिसरच्या राजाच्या, फारोच्या दरबारात उभा राहून ‘माझ्या लोकांना जाऊ दे’ हा देवाचा निरोप सांगत होता. प्रभूला महायाजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा त्याने उलट हात उचलला नाही, पण विचारलं: मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? प्रश्न विचारल्याने लीनता कमी होत नाही. ती म्हणाली, “मला बोलताना रडू येतं.” म्हटलं, रडत बोला.

पहिल्यांदा ती बोलली ते टीव्हीवरून. शुक्रवारी मुलांनी आवाज बारीक करूनही टीव्ही लावायचा नाही, हा नवऱ्याचा कायदा. उपास तुमचा आहे, मुलांचा नाही, एवढंच ती म्हणाली. त्याने उत्तर दिलं नाही, पण दार आपटलं. दुसऱ्या दिवशीही काही बोलला नाही. त्या शुक्रवारी टीव्ही चालू राहिला.

मध्ये पास्टरांशीही बोलणं झालं, दोघांच्या संमतीने. घरातल्या प्रार्थनेचं पुढारपण आता तिघांमध्ये फिरतं. त्याच्या वाट्याला तिसरा आठवडा येतो, बाकीचे दिवस तो मागे बसतो. हे त्याला अजिबात आवडलेलं नाही. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या एका तरुणाने वचन चुकीचं सांगितलं तेव्हा त्याने तिथल्या तिथे दुरुस्त केलं, हेही बायकोने सांगितलं. ओरडणं कमी झालंय, थांबलेलं नाही. एका सकाळी तो ड्यूटीला निघाला होता. गेटपर्यंत जाऊन परत आला आणि बापाला म्हणाला, “मघाशी बोललो ते चुकलं, बाबा.” बाबांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि पेपर मागितला. सून स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं, पण नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, माझ्याकडे सांगितलं.

पुढची भेट नाताळानंतर ठरलीय. या खेपेला सासऱ्यांनाही घेऊन या म्हटलंय. त्यांचंही थोडं ऐकायचं आहे, आणि थोडं त्यांना सांगायचंही आहे.