रातांबा फुलतो पण धरत नाही? कोयत्याआधी फूल बघा

तुमच्या लांज्याकडच्या परसात दोन रातांबे (कोकमाची झाडं) आहेत, बी टाकून बारा वर्षं झाली, दर थंडीत फुलतात आणि फळ मात्र एक नाही. गडी म्हणतो, "वांझ आहेत, तोडून हापूस लावूया." शिवाय कुणीतरी सांगितलंय की समुद्र लांब, खारी हवा मिळत नाही, म्हणून असं होतं. माझ्या मते दोघंही चुकतायत.

खाऱ्या हवेचं आधी उरकतो. रातांबा किनारपट्टीचा म्हणतात, पण तो काही सुरूसारखा वाळूत उभा राहणारा नाही. तो मूळचा सह्याद्रीच्या पश्चिम उताराचा आणि पायथ्याचा. कोकण, गोवा, कारवार, तिथून खाली केरळाच्या उत्तर टोकापर्यंत. रानात बघाल तर व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला, मोठ्या झाडांच्या अर्धवट सावलीत सापडेल. म्हणूनच तो आगरात नारळ-पोफळीखाली कुरकुर न करता वाढतो. त्याला जांभ्याची माती चालते, पाऊस दणकून लागतो, फक्त मुळाशी पाणी तुंबलेलं चालत नाही. हे सगळं लांज्यात आहे. झाड बारमाही हिरवं, शंकूसारखं, फांद्या खाली झुकलेल्या आणि नवी पालवी तांबूस, असं असेल तर त्याची तब्येत ठणठणीत आहे. शेणखताची पाटी वाढवून काही होणार नाही.

खरी गोष्ट अशी की रातांब्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. (दोन्ही प्रकारची फुलं असलेली झाडंही अधूनमधून भेटतात, पण त्यावर भिस्त ठेवू नका.) बी रुजवून केलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात आणि रोप बघून ते कुणालाच सांगता येत नाही. सातआठ वर्षं थांबायचं, फुललं की कळतं. तुमची दोनच झाडं आहेत, दोन्ही नर निघणं म्हणजे नाणं दोनदा उडवून दोनदा छापा पडण्यासारखं. अजिबात नवल नाही.

आता ओळखायचं कसं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी फुलांचा हंगाम, त्यात एकदा सकाळी झाडाखाली जा. नर झाडाची फुलं घोसाने येतात, प्रत्येकाला बारीक देठ, आणि चार पाकळ्यांच्या मधोमध पुंकेसरांचा गच्च पिवळसर गड्डा. ती फुलून झाली की अख्खीच गळतात, खाली सडा पडतो. मादी फूल बहुधा एकेकटं, फांदीच्या टोकाकडे, आखूड जाड देठाचं. त्याच्या मध्यभागी हिरवी गोल गोळी दिसते आणि गोळीवर भेगाळलेल्या टोपीसारखं काहीतरी चिकटलेलं असतं. ती गोळी म्हणजेच पुढचं फळ. पिकलेल्या रातांब्याच्या टोकावर त्या टोपीची खूण राहिलेली असते, कधी निरखून बघा. गोळी दिसली नाही तर झाड नर. वांझ नव्हे!

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं. आमच्या गडग्यालगतचा एक भलामोठा रातांबा मीच पंधरा वर्षांपूर्वी 'फुकट सावली धरतो' म्हणून तोडवला. पुढची दोन वर्षं शेजारच्या काकींच्या भिरंडीला (म्हणजे रातांब्यालाच) फळ कमी धरलं. तो अवेळी पावसाचाही परिणाम असेल, पण काकी प्रत्येक मे महिन्यात आमसुलं वाळत घालताना मला ऐकवतात.

नर निघाला तर काय? त्याच खोडावर मादीचं कलम बांधता येतं. खोड किंवा मोठ्या फांद्या छाटायच्या, नवे कोंब फुटू द्यायचे आणि त्यावर चांगल्या फळाच्या मादी झाडाची काडी चढवायची. बारा वर्षांची मुळं आयती मिळतात, म्हणून नवीन रोपापेक्षा लवकर फळ दिसतं. हे काम सराईत कलमवाल्याकडूनच करून घ्या. काडी शक्यतो सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची मागा. आडव्या फांदीची काडी लावली की कलम आडवंच पसरत बसतं. जमिनीत नवीन कलम लावतानाही हे विचारून घ्या. नवीनच लावायचं ठरलं तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता आणि कोकण हातीस या जाती आहेत. कलमी झाड चारपाच वर्षांत धरतं.

दोन्ही झाडांवर मादी चढवू नका. एका झाडाची निदान एखादी फांदी नर ठेवा, आसपास दुसरा नर आहे की नाही कोण जाणे.

बी पुन्हा टोचायची हौस असेल तर एक लक्षात ठेवा, रातांब्याचं बी वाळलं की मेलं. हे फळ एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या तोंडावर पिकतं. रानात बी ओल्या पाचोळ्यात पडतं आणि तिथेच रुजतं. डब्यात भरून पुढच्या वर्षी लावू म्हणाल तर काही उगवणार नाही. वाळलेलं बी मुठेल (बियांचं घट्ट तेल) काढायला ठेवा, टाचांच्या भेगांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

उलट तपासणीत दोन्ही माद्या निघाल्या, म्हणजे फुलांत गोळी दिसली आणि तरी फळ धरत नाही, तर मग नराचीच उणीव आहे. अशा वेळी आळीतल्या कुणाच्या नर झाडाची काडी आणून एका फांदीवर चढवा. सध्या गड्याला एवढंच सांगा की डिसेंबरपर्यंत कोयता लांब ठेव, आणि फुलांचे फोटो इथे टाका. फूल समोरून, पाकळ्या बाजूला सारून काढा, म्हणजे मधलं दिसेल.