कॉलेजात पिक्रिक अ‍ॅसिडची जुनी कोरडी बाटली सापडली, पाणी घालू की बेसिनमध्ये ओतू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की केमिस्ट्रीच्या स्टोअरमध्ये पिक्रिक अ‍ॅसिडची ५०० ग्रॅमची जुनी बाटली सापडलीय, आतली पावडर कोरडी वाटते, पुढच्या आठवड्यात नॅकची (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची) टीम येणार म्हणून एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, म्हणतायत आवरून टाका, तर त्यात पाणी घालून ठेवू की बेसिनमध्ये ओतून टाकू. दोन्ही नको. बाटली आत्ता जिथे आहे तिथेच राहू दे, झाकणाला हात लावू नका, हलवून बघू नका, शेजारच्या बाटल्यासुद्धा काढू नका, खोलीला कुलूप घाला आणि प्राचार्यांना लेखी कळवा. मग ११२ ला फोन करून सांगा की कोरडं पडलेलं पिक्रिक अ‍ॅसिड आहे, एवढ्या ग्रॅमची बाटली आहे, अमुक मजल्यावर आहे, झाकण पत्र्याचं आहे की प्लास्टिकचं, आणि बॉम्बशोधक पथक पाहिजे. फोनवरच्या माणसाला पिक्रिक म्हणजे काय ते माहीत नसेल तर सरळ "स्फोटक आहे" म्हणा, कारण आहेच.

मी २९ वर्षं प्रयोगशाळा सहायक म्हणून काढली, आता रिटायर आहे, केमिस्ट्रीत पीएचडी वगैरे काही नाही, पण बाटल्या खूप हाताळल्यात आणि त्यातल्या नेमक्या याच बाटलीने मला एकदा घाम फोडलाय.

आधी हे कळून घ्या की ही भानगड का होते. पिक्रिक अ‍ॅसिड म्हणजे ट्रायनायट्रोफिनॉल, टीएनटीचा सख्खा भाऊच, टीएनटीत जिथे मिथाइल आहे तिथे याच्यात ओएच आहे एवढाच फरक. कंपनीकडून येतं तेव्हा त्यात निदान ३० टक्के पाणी असतं, म्हणजे बाटली उघडली की ओल्या बेसनासारखा पिवळा गोळा दिसायला हवा. त्या पाण्यामुळेच ते शहाण्यासारखं वागतं. वाहतुकीच्या नियमांत सुद्धा ३० टक्के किंवा जास्त पाणी असलेलं पिक्रिक ज्वालाग्राही घन पदार्थ म्हणून जातं आणि त्याच्यापेक्षा कमी ओलं असलेलं सहसा थेट स्फोटकांच्या वर्गात. वस्तू तीच, फक्त पाणी गेलं. आणि आपल्याकडे पाणी जायला काय लागतं, स्टोअर वरच्या मजल्यावर, वर पत्रे, झाकण अर्धवट लावलेलं, आणि असे दहापंधरा मे महिने. कोणी काही चूक केली असं पण नसतं, कोणी बघितलंच नाही एवढंच असतं.

आता तुम्ही म्हणाल कोरडं झालंय तर पाणी घालून परत ओलं करू, यात चूक काय. चूक अशी की पाणी घालायला झाकण उघडावं लागतं. पूर्वी कोणीतरी उघडून वापरताना थोडी पावडर झाकणाच्या आट्यांमध्ये अडकलेली असते, ती तिथे वाळून बारीक स्फटिक होऊन बसते, आणि तुम्ही झाकण पिळलं की त्या स्फटिकांचं घर्षण होतं. ते एवढं घर्षण सहन करेल की नाही ते कोण सांगणार? त्यात झाकण पत्र्याचं असेल तर अजून वाईट, कारण हे अ‍ॅसिड आहे, लोखंड, तांबं, शिसं यांच्याबरोबर त्याचे क्षार होतात, त्यांना पिक्रेट म्हणतात, आणि त्यातले काही मूळ अ‍ॅसिडपेक्षाही जास्त चिडके असतात. शिशाचं तर विचारूच नका.

बेसिनमध्ये ओतायचं नाही त्याचं कारणही हेच. जुन्या लॅबच्या बेसिनखाली कुठे शिशाचा पाइप असतो, कुठे पितळी जोड असतो, तिथे हे साचून राहतं आणि पुढे कधीतरी प्लंबर येऊन पान्हा मारतो. शिवाय पाण्यात विरघळतं तरी किती, १०० मिलीत जेमतेम सव्वा ग्रॅम. म्हणजे ५०० ग्रॅम ओतायचं तर तुम्ही नळ किती वेळ चालू ठेवणार?

माझा किस्सा सांगतो. मे महिन्यात स्टॉक चेकिंग चाललं होतं, झुऑलॉजीच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर मागच्या बाजूला एक तपकिरी बाटली, लेबल अर्धं झुरळांनी खाल्लेलं, वाचता येत होतं ते फक्त "पिक्रि". आमचे शिपाईमामा स्टुलावर चढलेले, त्यांनी ती उचलायला हात घातला आणि म्हणाले आतलं दगड झालंय, टेबलावर दोनदा आपटू का म्हणजे सुटेल. मीठ, साखर, बोरिक पावडर आम्ही तसंच सोडवायचो त्यामुळे त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी फक्त एवढंच ओरडलो की मामा हात काढा आणि खाली या. मग मी स्वतः लांबून, हात न लावता बाजूने टॉर्च मारून बघितलं. उन्हाळ्यात तळं आटल्यावर तळाच्या चिखलाला भेगा पडतात ना, तसा आतला पिवळा थर काचेपासून सुटून आकसला होता, वरच्या रिकाम्या काचेवर आतून बारीक सुया चमकत होत्या, आणि झाकणाच्या खालच्या कडेला बाहेरून पिवळी रेघ आली होती. झाकण पत्र्याचं, गंजलेलं. रजिस्टरमध्ये शोधलं तर खरेदी १९८७ ची, त्यानंतर एकही नोंद नाही.

आमच्या साहेबांचं म्हणणं होतं की पोलीस बोलावले तर पेपरात येईल, त्यापेक्षा दोघांनी मिळून हळूच गच्चीवर नेऊन बादलीत बुडवू. मी सरळ नाही म्हणालो. नोकरीत मी साहेबांना एवढं स्पष्ट नाही तेव्हाच म्हणालो असेन. शेवटी पथक आलं, त्यांनी तो अख्खा विंग रिकामा करायला लावला, संध्याकाळी ती बाटली नेली आणि गावाबाहेर माळावर तिची विल्हेवाट लावली. कशी नेली ते मुद्दाम लिहीत नाही, वाचून कोणीतरी तसं करून बघायला जाईल. पेपरात काहीही आलं नाही, हे पण सांगून ठेवतो.

आता ही बाटली कॉलेजात येते कुठून हा प्रश्न तुमच्या मनात असेल तर फक्त केमिस्ट्रीत शोधू नका. एमएस्सी ऑरगॅनिकला नॅप्थॅलीन, अँथ्रासीन ओळखायला पिक्रेट डेरिव्हेटिव्ह करायचे ते एक झालं. झुऑलॉजीत टिश्यू फिक्स करायला, म्हणजे तुकडा न कुजता जसाच्या तसा टिकवायला, बुवँ फ्लुइड लागतं, त्यात ७५ भाग पिक्रिकचं संपृक्त द्रावण, २५ भाग फॉर्मॅलिन आणि ५ भाग ग्लेशियल अ‍ॅसेटिक, म्हणून त्यांच्याकडे हमखास एक बाटली असतेच. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) चालू असेल तर लघवीतलं अल्ब्युमिन बघायच्या एस्बॅख रिएजंटसाठी कोणीतरी आणलेलं असतं. क्रिएटिनिनच्या टेस्टमध्ये सुद्धा पिक्रिकच असतं पण ते पातळ द्रावण, त्याची एवढी भीती नाही, फक्त बाटलीच्या तोंडाशी सुकून पापुद्रा धरू द्यायचा नाही, ओल्या कापसाने पुसून टाकायचं. तेव्हा एक बाटली सापडली तर बाकीच्या डिपार्टमेंटना पण विचारा, पण विचारायचं म्हणजे रजिस्टर बघायला सांगायचं, कपाटं उपसायला नाही.

पुढे कधी नवीन घ्यावीच लागली तर ५०० ग्रॅम घेऊच नका, २५ ग्रॅममध्ये वर्षं निघतात, आणि बुवँपुरतं हवं असेल तर तयार संपृक्त द्रावण मिळतं तेच मागवा, कटकटच नाही. बाटली आली की त्याच दिवशी लेबलवर आल्याची तारीख आणि झाकणासकट एकूण वजन लिहायचं, ही माझी सगळ्यात कामाची सवय. समजा १२ जूनला ८१२ ग्रॅम भरली आणि डिसेंबरमध्ये, मधे कोणी वापरलेली नसताना, ७९८ भरली तर १४ ग्रॅम पाणी उडालंय, तेवढं डिस्टिल्ड वॉटर घालायचं, नवीन वजन लिहायचं. सहा महिन्यांतून एकदा, विसरायचं नाही, मी तर सेमिस्टर परीक्षेच्या तयारीलाच जोडून टाकलं होतं. झाकण प्लास्टिकचंच. घ्यायला चमचा प्लास्टिकचा, स्टीलचा स्पॅचुला त्या बाटलीच्या आसपास पण नको. काम झालं की आटे ओल्या टिश्यूने पुसून मग झाकण लावायचं. आणि वजन करून उरलेली पावडर फिल्टर पेपरवर तशीच सोडून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत ती वाळायला लागलेली असते, त्यामुळे ते लगेच ओलं करून लेबल लावलेल्या प्लास्टिकच्या वेस्ट डब्यात. सांडलं तर झाडू नाही, आधी पाणी शिंपडायचं मग ओल्या कापसाने टिपायचं. हातमोजे घालाच, नाहीतर बोटं पिवळी होतात, हळद निदान साबण लावला की लाल होऊन कळते तरी, हे कातडी निघेपर्यंत जात नाही. पूर्वी याने रेशीम रंगवायचे ते उगाच नाही. पोटात गेलं तर विषारी आहे आणि काहींना अंगावर पुरळ पण येतं.

कोणाला वाटेल म्हातारा उगाच घाबरवतोय, तर ब्रिटिशांनी हेच पिक्रिक अ‍ॅसिड तोफगोळ्यात भरलं होतं, केंटमधल्या लिड गावी चाचण्या झाल्या म्हणून त्याला लिडाइट म्हणायचे, आणि धातूशी संबंध येऊ नये म्हणून गोळ्यांना आतून व्हार्निश द्यायचे. ६ डिसेंबर १९१७ ला कॅनडात हॅलिफॅक्स बंदरात माँ-ब्लाँ जहाज उडालं त्यात दोन हजार टनांच्या वर पिक्रिक होतं, सतराशेच्या वर माणसं गेली. आणि त्याच काळात भाजल्यावर लावायची मलमपट्टी पण याचीच असायची, अजब आहे. आपल्या १८८४ च्या स्फोटकं कायद्यात स्फोटक म्हणजे काय याची जी यादी आहे तिच्यात पिक्रिक अ‍ॅसिडचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि तो कायदा बघणाऱ्या पेसोचं मुख्य ऑफिस नागपूरलाच आहे. हे एचओडींना दाखवा, "आवरून टाका" म्हणणं लगेच थांबेल. भंगारवाल्याला किंवा नगरपालिकेच्या कचऱ्यात देणं तर डोक्यात पण आणू नका.

नॅकचं टेन्शन घेऊ नका. टीमला लपवलेली बाटली सापडण्यापेक्षा "धोकादायक रसायन आढळले, पथकामार्फत नष्ट केले" अशी तारखेसकट नोंद आणि पोलिसांच्या पत्राची झेरॉक्स फाइलला असणं कधीही चांगलं. राइट ऑफची एंट्री नंतर निवांत करा.

आणि हे वाचून झालं की आधी स्टोअरची दुसरी किल्ली कोणाकडे आहे ते बघा. सकाळी साडेसातला झाडायला जे मामा किंवा मावशी येतात त्यांना आज रात्रीच फोन करून सांगा की त्या खोलीत जायचं नाही, कारण दारावर लावलेली नोटीस घाईत कोणी वाचत नाही आणि धूळ पुसायला बाटली पहिल्यांदा तेच उचलतात.