आजीच्या घरी, पावसाळ्यातल्या दुपारी बघायचे चित्रपट

जुलैमध्ये मुंबईला येणाऱ्या आयांची पत्रं एप्रिलपासूनच सुरू होतात आणि त्यांत एक प्रश्न ठरलेला असतो. यंदा तो न्यू जर्सीहून आला आहे. मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा. मराठी समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. दादरला आजी-आजोबांकडे महिनाभर मुक्काम आहे. बाहेर पाऊस, घरात दोन खोल्या आणि मुलांच्या हातात टॅब. परत गेल्यावरही मुलांच्या लक्षात राहतील असे मराठी चित्रपट सुचवा, असं या आईने लिहिलं आहे.

अडचण खरी आहे, कारण सुट्ट्याच जुळत नाहीत. मुंबईतल्या शाळांची मोठी सुट्टी जूनच्या मध्यापर्यंत संपते, म्हणजे अमेरिकेतली मुलं मोकळी होतात तेव्हा इथली मुलं दप्तर भरत असतात. इंग्लंडच्या शाळा तर जुलैच्या उत्तरार्धात सुटतात. ज्या मामे-चुलत भावंडांच्या ओढीने मुलं येतात ती दिवसभर शाळेत आणि संध्याकाळी क्लासला. ऑस्ट्रेलियाहून डिसेंबर-जानेवारीत येणाऱ्यांना निदान बरी हवा आणि नाताळची सुट्टी मिळते. जुलैवाल्यांच्या वाट्याला लांबलचक दुपार येते. पण त्याच वेळी आजीचं स्वयंपाकघर आवरलेलं असतं आणि आजोबांची वामकुक्षीही झालेली असते. नातवंडांशेजारी निवांत बसायला दोघांना याहून चांगली वेळ मिळत नाही, म्हणून चित्रपट दुपारीच लावा.

आता निवडीबद्दल. बहुतेक पालक आधी विचार करतात की यातून मुलांना काय शिकायला मिळेल. मग यादीत इतिहास येतो, संत येतात, सणवार येतात, आणि मुलं अर्ध्या तासात उठून जातात. माझी कसोटी वेगळी आहे. पडद्यावरच्या मुलाला काहीतरी जिवापाड हवं आहे का, एवढंच बघा. कोणाला आपली सायकल वाचवायची असते, कोणाला बैल, कोणाला नव्या गावात एक मित्र हवा असतो. ती ओढ बघणाऱ्याला कळली की चार संवाद डोक्यावरून गेले तरी गोष्ट हातातून निसटत नाही. ज्यांचं मराठी ऐकण्यापुरतंच आहे त्या मुलांना धरून ठेवायला ही ओढ पुरते.

म्हणून सुरुवात परेश मोकाशींच्या ‘एलिझाबेथ एकादशी’ने करा (२०१४). पंढरपुरातला ज्ञानेश, त्याची धाकटी बहीण, आई आणि आजी. वडील नाहीत. वडिलांनी स्वतःच्या हातांनी जुळवलेली सायकल मात्र आहे आणि तिचं नाव एलिझाबेथ. कर्जाचे हप्ते थकल्याने आईचं विणकामाचं मशीन जप्त होतं, पैशांसाठी सायकल विकायची वेळ येते आणि ती वाचवण्यासाठी मुलं कार्तिकीच्या गर्दीत बांगड्या विकायला बसतात. पाहुण्या घरातल्या आठ वर्षांच्या मुलालाही यातला हिशेब कळतो, कारण किती पैसे जमले आणि किती हवेत यावरच तर सगळा जीव टांगलेला असतो. पोरांच्या तोंडी शिव्या आहेत, हे आजीला आधी सांगून ठेवा. शिव्या आल्या म्हणून चित्रपट थांबवू नका. ती मुलं तशीच बोलतात आणि म्हणूनच खरी वाटतात. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार विभागून मिळाला होता. तुमच्या मुक्कामात आषाढी येत असेल तर त्या दिवशी मुलांना वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरात घेऊन जा. रांग मोठी असते, पण पंढरपूरची गर्दी पडद्यावर पाहिलेल्या मुलांना ती रांग नुसती रांग वाटत नाही.

बारा वर्षांच्या मुलीसाठी मी ‘किल्ला’ सर्वांत वर ठेवते. अविनाश अरुण यांचा हा पहिला चित्रपट. बर्लिनच्या महोत्सवात २०१४ मध्ये मुलांच्या परीक्षक मंडळाने त्याला क्रिस्टल बेअर दिला. वडील गेल्यावर आईची बदली होते आणि पुण्यात वाढलेला अकरा वर्षांचा चिन्मय कोकणातल्या एका लहान गावात येऊन पडतो. नवी शाळा, नवी पोरं, न ओळखीचा पाऊस. मित्र जमतात, एक दिवस तेच मित्र किल्ल्यात त्याला एकट्याला सोडून जातात, तो रागावतो. आई तिकडे कचेरीत आपल्या परीने झगडत असते. आणि थोडं कुठे जमतंय असं वाटतं तेव्हा पुन्हा बदलीचा कागद येतो. आई-वडिलांच्या नोकरीमुळे शाळा बदलावी लागणं काय असतं ते परदेशातल्या मुलांना कोणी समजावून सांगायला नको. कित्येकांनी ते सोसलेलं असतं, फक्त बोललेलं नसतं. हा चित्रपट संपल्यावर मुलगी गप्प राहिली तर गप्प राहू द्या. रात्री झोपताना ती स्वतःहून काही विचारेल, तेव्हा फोन बाजूला ठेवून ऐका. पार्थ भालेरावने साकारलेला बंड्या बघून धाकट्यालाही मजा येते, पण चित्रपटाची चाल संथ आहे. त्यामुळे तो मध्येच उठला तर जबरदस्ती नको. पाऊस थांबलेल्या एखाद्या सकाळी दोघांना शीवच्या किल्ल्यावर न्या. दादरहून जवळ आहे आणि लहान मुलांनाही चढता येतो.

तिसरा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९), आणि हा सगळ्या घराने मिळून बघायचा. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ कसा काढला त्याची ही हसतखेळत सांगितलेली गोष्ट. इथे हट्टी मूल म्हणजे खुद्द घरातला बाप. घरातल्या वस्तू विकतो, डोळ्यांवर बेततं, तरी लंडनला जाऊन तंत्र शिकून येतो. स्त्री-भूमिकेला बायका मिळत नाहीत म्हणून तारामती अण्णा साळुंखे नावाचा पुरुष होतो आणि रोहिदासाच्या भूमिकेत फाळक्यांचाच मुलगा उभा राहतो. सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचं जेवणखाण बघतात आणि फिल्मच्या कामालाही हात लावतात. नंदू माधव आणि विभावरी देशपांडे यांनी हे जोडपं इतकं लोभस केलं आहे की मुलांना ते आपल्याच घरातले कोणी वाटतात.

दादरला उतरणाऱ्या कुटुंबाला या चित्रपटाचा आणखी एक फायदा आहे. फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’चं काम दादरलाच केलं. दादर पूर्वेच्या ज्या रस्त्याला आज त्यांचं नाव आहे तो चालत गाठता येतो. ३ मे १९१३ रोजी चित्रपट लोकांसमोर आला तो गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये. त्याच्याही आधी, ७ जुलै १८९६ला, ल्युमिए बंधूंची हलती चित्रं मुंबईत पहिल्यांदा दिसली ती वॉटसन हॉटेलात. काळा घोड्याजवळची ती जुनी लोखंडी सांगाड्याची इमारत अजून उभी आहे. पेडर रोडला गुलशन महालात आणि शेजारच्या नव्या इमारतीत राष्ट्रीय भारतीय सिनेमा संग्रहालय २०१९ पासून सुरू आहे. पावसाच्या दिवशी न्यायला फार चांगली जागा. जुने कॅमेरे, प्रोजेक्टर, पोस्टर बघत मुलं तासन्‌तास रमतात. चित्रपट आधी दाखवा, संग्रहालय नंतर. उलट केलंत तर संग्रहालयातल्या वस्तू मुलांना अनोळखी राहतात.

हसण्यासाठी ‘वळू’ (२००८). गावात मोकाट सुटलेला बैल आणि त्याला पकडायला आलेला वनाधिकारी, एवढ्यावर सगळं गाव उलगडतं. बैलामागची पळापळ बघायला भाषा लागत नाही. ‘झपाटलेला’ही (१९९३) मुलांना आवडतो. त्यातला तात्या विंचू ही रामदास पाध्यांची करामत. पण सात-आठ वर्षांच्या मुलाला बोलका बाहुला रात्री झोपू देणार नाही, म्हणून तो दुपारीच लावा आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांना पहिल्यांदा बघणाऱ्या मुलांचे चेहरे जरूर बघा. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) पहिल्याच दिवशी लावायचा मोह प्रत्येक काकाला होतो. त्याला थोडं थांबवा. त्यातली बरीचशी गंमत बोलण्याच्या वेगात आहे. अशोक सराफांचं वाक्य संपेपर्यंत मोठी माणसं हसून मोकळी होतात, मुलं मात्र एकमेकांची तोंडं बघतात. महिनाभर घरात मराठी कानावर पडलं की शेवटच्या आठवड्यात तोच चित्रपट त्यांना पोट धरून हसवतो.

काही चित्रपटांआधी मुलांशी बोलणं गरजेचं आहे. ‘टिंग्या’मधल्या मुलाचा लाडका बैल जायबंदी होतो आणि कर्जात बुडालेल्या बापाला तो विकावा लागतो आहे. शेजारची आजारी आजी आणि आजारी बैल यांत फरक का करता, असं टिंग्या विचारतो तेव्हा खोलीतल्या मोठ्यांनाही उत्तर सुचत नाही. ज्या घरात कुत्रा-मांजर आहे तिथलं मूल यात हमखास रडेल. रडू द्या. ‘श्वास’ (२००४) आजोबांबरोबरच बघावा. नातवाचा जीव वाचवायला त्याचे डोळे गमवावे लागणार, आणि शस्त्रक्रियेआधी त्याला जग बघू द्यावं म्हणून आजोबा त्याला इस्पितळातून बाहेर घेऊन जातात. दहा वर्षांखालच्या मुलांना तो दाखवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ‘नाळ’मधल्या चैत्याला आपण दत्तक असल्याचं कळतं. तुमच्या घरात किंवा नात्यात दत्तक मूल असेल तर आधी तुम्ही एकट्याने बघा आणि मगच ठरवा.

‘श्यामची आई’बद्दल प्रत्येक आजी विचारते. आचार्य अत्र्यांचा १९५३चा हा चित्रपट, पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा. जरूर दाखवा, पण दोन गोष्टी सांभाळा. पोहायला जात नाही म्हणून आई श्यामला मारते, हे बघून परदेशात वाढलेलं मूल हादरतं. त्याला गप्प करू नका, त्या काळाबद्दल त्याच्याशी बोला. आणि चित्रपट संपल्यावर ‘बघ, श्याम कसा ऐकायचा आईचं’ हे वाक्य कोणीही उच्चारायचं नाही, असं सगळ्यांना प्रेमाने बजावून ठेवा. त्या एका वाक्याने पुढचे सगळे मराठी चित्रपट मुलांच्या लेखी शिकवणी होऊन बसतात. जुन्यांतला दुसरा हवा असेल तर प्रभातचा ‘संत तुकाराम’ घ्या. १९३६चा असला तरी तडफदार जिजाई आजच्या मुलींना लगेच आवडते.

सबटायटल चालू ठेवा. ती बंद केल्याने मराठी सुधारत नाही, फक्त चित्रपट अवघड होतो. वाचायचा वेग नसलेल्या धाकट्याला सुरुवातीला कोण कोणाचं कोण आहे तेवढं सांगा आणि मग गप्प बसा. मध्ये मध्ये ‘कळलं का?’ विचारू नका, नंतर शब्दांचे अर्थही विचारू नका. आजीने मात्र मनात येईल ते बोलावं. ‘आमच्याकडे असाच बंब होता’ असं ती म्हणाली तर चित्रपट थांबवा आणि बंबाची गोष्ट पूर्ण ऐका.

एक तरी चित्रपट थिएटरात बघा. मराठी चित्रपटाचे खेळ दुसऱ्या आठवड्यात भराभर कमी होतात, म्हणून नवा चित्रपट लागला की पहिल्या शनिवार-रविवारचं तिकीट काढा. प्रमाणपत्र बघायला विसरू नका. २०२४ पासून ‘यूए’चे तीन भाग झाले आहेत, सात, तेरा आणि सोळा वर्षांचे. ‘ए’ असेल तर अठरा वर्षांखालच्या मुलाला आत सोडत नाहीत, आईबाप बरोबर असले तरीही. सुरुवातीला राष्ट्रगीत लागतं आणि सगळे उभे राहतात, मध्यंतर होतं, हे मुलांना आधी सांगा म्हणजे ती गोंधळत नाहीत.

कोणता चित्रपट कुठल्या अ‍ॅपवर दिसतो हे देशागणिक बदलतं. मुंबईत सहज मिळणारा चित्रपट न्यू जर्सीत मिळेलच असं नाही. तेव्हा तिकडे काय दिसतं ते निघण्याआधीच तपासा, जे तिकडे मिळत नाही ते इथे बघून घ्या आणि मिळतात त्यांतले दोन-तीन मुद्दाम शिल्लक ठेवा. ते आजी-आजोबांबरोबर दोन्हीकडून एकाच वेळी लावायचे. उन्हाळ्याच्या वेळेप्रमाणे मुंबईत रात्रीचे साडेआठ म्हणजे न्यू जर्सीत सकाळचे अकरा आणि लंडनमध्ये दुपारचे चार. शनिवार धरलात तर दोन्ही घरं मोकळी असतात. सिडनीहून मात्र दुपारी तीनला लावा, तेव्हा इथे सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. नोव्हेंबरपासून अमेरिकेचं घड्याळ तासभर मागे जातं, ते लक्षात ठेवा. चित्रपट चालू असताना व्हिडिओ कॉल बंद ठेवा, नाहीतर दोन्हीकडचे आवाज एकमेकांत मिसळतात. मध्यंतराला पाच मिनिटं फोन करा आणि आजीने तोवर चहा टाकला का ते विचारा.