फक्त एक प्रश्नचिन्ह

*ताई, लग्नाला अकरा वर्षं झाली. मुलाच्या वेळी बायकोने शाळेतली नोकरी सोडली, तेव्हाच माझ्या क्रेडिट कार्डावर तिला ॲड-ऑन कार्ड काढून दिलं. लिमिट दोघांत दोन लाख. बिल मी वेळेवर आणि पूर्ण भरतो. तिने काही घेतलं की मेसेज मला येतो, मी तिला व्हॉट्सॲपवर फक्त एक प्रश्नचिन्ह पाठवतो आणि ती काय घेतलं ते कळवते. यावरून आमच्यात कधी वाद नाही. रोख पैसे तिला लागत नाहीत, भाजीसुद्धा येताना मीच आणतो. पण गेले आठ महिने किराणा महिन्याला चार हजारांनी वाढला होता. परवा पावती पाहिली, तर त्यात डायपर! आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. खोदून विचारल्यावर कळलं, शेजारच्या वहिनींचं सामान ही आपल्या कार्डावर घेते आणि त्यांच्याकडून रोख पैसे घेते. कपाटात साड्यांच्या घडीत २१,४०० रुपये सापडले. ते बिलात भरून टाकू का? कार्ड बंद करू का? आठ महिने फसवणाऱ्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा?*
*— एक वाचक, डोंबिवली*

तुमचं पत्र वाचताना मी अडले ती डायपरपाशी नाही. अडले त्या प्रश्नचिन्हापाशी. तुम्ही ते एका वाक्यात उरकून पुढे गेलात, मला जाता येईना.

ती औषधाच्या दुकानात उभी आहे. कार्ड मशीनला लावलं, पावती अजून हातात यायची आहे, तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजतो. तुमचं प्रश्नचिन्ह. मागे रांग, हातात पिशवी, आणि ती अंगठ्याने टाइप करतेय, ‘पॅड्स, १८० रु.’ असं नऊ वर्षं चाललंय. तिने एकदाही ‘तुम्हाला काय करायचंय?’ असं उलट विचारलं नाही, म्हणून तुम्ही लिहिता की वाद नाही. अहो, वाद कसा होईल? ती दर वेळी उत्तर देत आली.

आता तुम्ही ज्याला फसवणूक म्हणता, त्याचा हिशोब मांडू. महिन्याला चार हजार, आठ महिन्यांचे बत्तीस हजार. त्यातले २१,४०० जागेवर आहेत. म्हणजे खर्च झाले दहा हजार सहाशे, महिन्याला जेमतेम तेराशे. भिशी असेल, माहेरी जाताना रिक्षा असेल, भाचीच्या हातावर ठेवलेली शंभराची नोट असेल. काय होतं ते मला ठाऊक नाही आणि तुम्हीही विचारू नका. एटीएममधून त्याच कार्डावर पैसे काढले असते तर शुल्क आणि पहिल्या दिवसापासून व्याज बसलं असतं. तिने तेही होऊ दिलं नाही. ज्यावर प्रश्नचिन्ह येणार नाही असे चार पैसे मिळवायचा याहून सरळ रस्ता तिच्यापुढे तुम्ही ठेवलाच नव्हता. तिने लपवलं, हे खरं. पण ‘दोघांचंही थोडं थोडं चुकलं’ असं म्हणून मी तुमची सुटका करणार नाही.

तुम्ही म्हणाल, बिल माझ्या नावावर येतं. येतं ना. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत स्पष्टच आहे की ॲड-ऑन कार्डाच्या खर्चाची जबाबदारी मूळ कार्डधारकाची. म्हणून महिनाअखेरीस स्टेटमेंट बघायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, दोघं शेजारी बसून बघा. खर्च आवरायचाच असता तर कार्डाच्या व्यवहारांवर मर्यादा घालायची सोय २०२० पासून आहे, ॲपमधून दोन मिनिटांचं काम. तुम्ही ती कधी घातली नाहीत. पैसे उधळले जाण्याची भीती तुम्हाला नव्हतीच. तुम्हाला फक्त प्रत्येक खरेदीचं उत्तर हवं होतं, आणि ते मागताना आपण काही वावगं करतोय असं तुम्हाला वाटतच नव्हतं. मला राग येतो तो याचा.

आणखी एक. नऊ वर्षं ती हे कार्ड वापरतेय, पण तो सगळा व्यवहार तुमच्या नावावर जमा होतो. उद्या तिने स्वतः कर्ज मागितलं तर कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलकडे तिच्या नावापुढे बहुधा काहीच नसेल. तुमचं काही बरंवाईट झालं तर तुमच्या कार्डाबरोबर तिचंही बंद पडेल, नेमकं ज्या आठवड्यात तिला पैसे लागतील त्या आठवड्यात. एवढ्या शिस्तीने बिल भरणाऱ्या माणसाने याचा विचार केला नाही, हे मला पटत नाही.

तेव्हा या शनिवारी तिच्याबरोबर बँकेत जा. दुसरा आणि चौथा शनिवार सोडून, त्या दिवशी बँका बंद असतात. तिच्या एकटीच्या नावाने खातं उघडा, मोबाइल नंबर तिचा द्या. दर महिन्याच्या १ तारखेला तुमच्या खात्यातून त्यात ठरावीक रक्कम आपोआप जाईल अशी सूचना देऊन ठेवा. किती, ते तिला ठरवू द्या. त्याच खात्यावर छोटी मुदत ठेव करून तिच्या तारणावर तिच्या नावाचं क्रेडिट कार्ड घ्या. अशा कार्डाला पगाराचा दाखला लागत नाही, आणि त्यावरचा व्यवहार तिच्या नावाने नोंदला जातो. बायकोला दिलेल्या पैशावर कर लागत नाही, मात्र ठेवीचं व्याज तुमच्या उत्पन्नात धरावं लागेल. तेवढं धरा. ॲड-ऑन कार्ड राहू द्या, त्यावर घरचा किराणा येऊ द्या. प्रश्नचिन्ह मात्र आजपासून बंद, आणि त्या जागी दुसरं काही पाठवायचं नाही, अंगठासुद्धा नाही.

ते २१,४०० बिलात भरायचे नाहीत. ते तिचे आहेत. आज रात्री होते तिथे ठेवा, पण तिला सांगून, तिच्यासमोर. तिच्या नकळत तुमचा हात त्या साड्यांत एकदा जाऊन आलाय, तेवढं पुरे.